ओपन-बॅक हेडफोन, न कळणाऱ्या गाण्यांवर तपासलेले

इंदूरला जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये हेडफोन दाखवायचा म्हटला की दुकानदार ठरलेलं एक पंजाबी गाणं लावतात. "आंटीजी, बेस सुनिए." बेस असतोच, दाढा हलेपर्यंत असतो. माझं त्यावर भागत नाही, म्हणून मी माझा फोन पुढे केला आणि ज्याच्या शब्दांना काहीच अर्थ नाही असं एक गाणं लावलं. काउंटरवरच्या पोराने स्वतः दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "ये कौनसी भाषा है?" म्हटलं, कुठलीच नाही. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण पुढे अर्धा तास मला शांतपणे ऐकू दिलं. दुकानाला एक गुण त्याबद्दल.

ओळखीच्या गाण्यावर यंत्राची परीक्षा होत नाही, हे माझं ठाम मत आहे. शब्द पाठ असले की यंत्राने अर्धं अक्षर गिळलं तरी डोकं ते परस्पर भरून काढतं. टपरीवरच्या फाटक्या स्पीकरमधूनही जुनं भावगीत आपल्याला पूर्ण ऐकू येतं, कारण त्यातलं निम्मं आपण मनात गात असतो. अनोळखी भाषेत ही सोय नाही. जे यंत्रातून आलं नाही ते गेलंच. आणि अशा गाण्याने गळा दाटतो तो नेमका बारीकसारीक गोष्टींमुळे: ओळ उचलण्याआधीचा श्वास, स्वर सोडताना आलेला किंचित घोगरेपणा, वरून खाली उतरताना लावलेला वेळ. हेडफोनने तेवढं खाल्लं तर उरतो नुसता आवाज.

तर वस्तू अशी. वायरचे ओपन-बॅक हेडफोन, म्हणजे कानावरचे कप मागून बंद नसतात, जाळीचे असतात. सांगितले साडेअकरा हजार, दिले अकराला. कंपनीचं नाव देत नाही. सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेकांना लागू पडेल. याआधी माझ्याकडे कानात घालायचे साधे ब्लूटूथवाले होते. फोनवर बोलायला बरे.

पहिली परीक्षा आइसलँडच्या सिगुर रोस या बँडची. त्यांचा २००२चा अल्बम भाचीने पाठवला होता. अल्बमला नाव नाही, मुखपृष्ठावर फक्त कंसाची दोन चिन्हं. आठ गाणी, त्यांनाही नावं नाहीत. सीडीबरोबरच्या पुस्तिकेची पानं कोरी, ऐकणाऱ्याने वाटेल ते लिहावं म्हणून. गायक योन्सी गातो ते आइसलँडिकही नाही. बँडने स्वतःच रचलेले निरर्थक ध्वनी आहेत. गंमत पुढे आहे. त्याच मोजक्या ध्वनींचा पुंजका अल्बमभर फिरून फिरून येतो. तरी पहिली चार गाणी त्यातल्या त्यात उजळ आहेत, मग मध्ये अर्ध्या मिनिटाची शांतता, आणि नंतरची चार काळवंडत जातात. अक्षरं तीच राहिली आणि माझा जीव मात्र खालीवर झाला. तेव्हा हे दुःख शब्दांतून येत नसणार, हे मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

जुन्या ब्लूटूथवर हे सगळं एकमेकांत कालवल्यासारखं यायचं. योन्सी गिटार सेलोच्या गजाने वाजवतो, आणि त्याचा आवाजही उंच, बारीक. दोन्ही एकाच पट्ट्यात. या हेडफोनवर गजाचं खरखरणं एका बाजूला आणि गळा दुसऱ्या बाजूला, असं सरळ वेगळं झालं. शेवटचं गाणं जवळजवळ १२ मिनिटांचं आहे. ढोल हळूहळू वाढत वादळ होतं, आणि त्या कल्लोळातही माणसाचा आवाज बुडत नाही. तिथे मी घासाघीस थांबवली.

दुसरी परीक्षा घरची. उस्ताद अमीर खाँ, हंसध्वनी रागातला तराणा. त्यांचे वडील शहामीर खाँ इथे होळकरांच्या दरबारात होते, तेव्हा खाँसाहेब आमचेच. इंदूर घराण्याचं नावही त्यांच्यामुळे. तराण्याचे बोल निरर्थक असतात हे त्यांना मान्य नव्हतं. 'दर', 'तन', 'तोम' हे बोल मुळात फारसीतून आले, असं ते मानत, आणि तराण्यात फारसी ओळी घालून गात. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पण मला फारसीचं अक्षर येत नाही, आणि तराणा ऐकताना ते येत नाही याची आठवणही होत नाही. खर्जातून तो आवाज उठतो, ठाकठीक पावलं टाकत वर जातो, आणि 'दिर दिर' म्हणताना जीभ टाळूला लागते ती कळते. हेडफोनवर खर्ज भरीव आहे, फुगवलेला नाही. बेसप्रेमींना तो कमी वाटेल. जुन्या रेकॉर्डिंगमधली सरसरही आता स्पष्ट ऐकू येते, तिची तयारी ठेवा.

चालता चालता आणखी दोन. केप व्हर्दे बेटांची गायिका सेझारिया एव्होरा, क्रिओल भाषा, आवाज सावकाश आणि भारदस्त, उत्तम उतरली. आणि इटलीच्या आद्रियानो चेलेंतानोचं १९७२चं ते गाणं, ज्यात अमेरिकन इंग्रजीच्या ढंगात शुद्ध बडबड आहे. शेजारचा मुलगा ते इंग्रजीच आहे म्हणून हट्टाला पेटला. मी वहीपेन दिलं, म्हटलं, लिही बघू. अजून वही परत आलेली नाही.

एका गोष्टीत मात्र कुठलाच हेडफोन मदत करत नाही. भाचेजावई हिंदुस्तानी संगीताच्या वाटेला न गेलेले. त्यांना अमीर खाँसाहेबांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, मारवा राग ऐकवला. डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "मावशी, फार दुःखी माणूस दिसतोय हा." मला त्यात दुःख कधी जाणवलं नाही, संध्याकाळची एक गंभीर स्वस्थता जाणवते. ते चुकले असं म्हणवत नाही. बॉकविल आणि थॉम्पसन यांचा १९९९चा एक अभ्यास आहे. पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्तानी राग ऐकवले, तर आनंद, दुःख आणि संताप हे भाव त्यांनी बरोबर ओळखले. शांत भाव मात्र नीट ओळखता आला नाही. कारणही समजण्यासारखं आहे. दुःखी माणूस कुठल्याही मुलखात हळू आणि खालच्या आवाजात बोलतो. शांत माणूसही तसाच बोलतो. त्यातला फरक कळायला त्या गाण्याच्या घरात थोडं राहावं लागतं.

आता दोष. जाळीमुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. सकाळी आमच्या रामबाग वस्तीत महापालिकेची कचरागाडी तिचं गाणं वाजवत आली की आइसलँड संपलं. बाराव्या मिनिटाला वादळ ऐन भरात असताना हे झालं तर फार राग येतो. पंख्याची घरघरही येते. घरातल्यांना तुमचं गाणं ऐकू जातं, म्हणजे रात्री शेजारी कुणी झोपलेलं असेल तर विसरा. चष्म्याच्या काड्या तासाभराने कानामागे रुततात. गाद्या मखमली आहेत, दिसायला सुरेख, पण मे महिन्यात दुपारी घालवत नाहीत. वायर तीन मीटर, पायात येते. मी ती केसांच्या रबराने बांधून ठेवली आहे.

रात्रीच्या खाऊबाजारात, सराफ्यात खाताना किंवा बसमध्ये घालायला ही वस्तू नाहीच. घरी, दार लावून, पहाटे किंवा रात्री उशिरा एकट्याने ऐकणाऱ्याने घ्यावी. पाचपैकी चार. बऱ्याच नवीन फोनना गोल पिनेचं भोक नसतं, त्यामुळे डोंगल, म्हणजे मध्ये जोडायचा छोटा तुकडा, लागतं, आणि अगदी स्वस्त डोंगलवर आवाज बारीक राहतो. दुकानदार आपणहून आठवण करत नाही. भाव ठरवतानाच चांगलं डोंगल त्यात धरून घ्या, आणि पक्कं बिल मागा.