यू-बूटचं 'गो' वापरून सात महिने, आणि एक आर-९

तीन बोर्ड 'मेमरी खराब' असा शेरा मारून पुरवठादाराकडे परत पाठवले होते. गेल्या आठवड्यात तिन्ही जसेच्या तसे घरी आले, वर चिठ्ठी : दोष आढळला नाही. मी फोनवर तणतणलो, दोन मेल चांगल्याच तिखट लिहिल्या. नंतर कळलं की चूक माझी होती. त्या दोन मेलची भरपाई म्हणून हे लिहितोय असं समजा.

मुळात हा उद्योग सुरू झाला तो कंजूषपणातून. प्रत्येक बोर्ड तपासायला लिनक्स उठेपर्यंत ताटकळायचं नव्हतं आणि जेटॅग डिबगरवर (चिपला थेट जोडून आत डोकावायचं यंत्र) पैसे घालायचे नव्हते. यू-बूट, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणारा बूटलोडर, बोर्डावर असतोच. रॅम, क्लॉक, सीरियल पोर्ट सगळं तोच जागं करून ठेवतो. आपण आपला प्रोग्रॅम टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, मेमरीत उतरवायचा आणि 'गो' म्हणायचं, म्हणजे यू-बूट त्या पत्त्यावर उडी मारतो. पहिल्यांदा पडद्यावर 'अॅप्लिकेशन टर्मिनेटेड, आरसी = ०x०' (म्हणजे प्रोग्रॅम नीट संपला) उमटलं तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो होतो.

पहिले तीन महिने मी याचा प्रचारकच होतो. प्रिंटएफ (छापणं), गेटसी (कळ वाचणं), यूडिले (थोडं थांबणं), मॅलॉक (मेमरी मागणं) ही सगळी कामं यू-बूट एका जंप टेबलातून, म्हणजे फंक्शनांच्या पत्त्यांच्या यादीतून, उसनी देतो. शिवाय त्याच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय की या टेबलामार्फत सेवा घेणारा स्वतंत्र प्रोग्रॅम यू-बूटपासून बनवलेला मानला जाणार नाही. म्हणजे आपला चाचणीचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली उघडा करायची सक्ती नाही. यूडिलेचा एक फायदा तर फुकटात पदरात पडतो : ते आतल्या आत वॉचडॉगलाही (वेळेत थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) थोपटतं. मी सुरुवातीला स्वतःचं रिकामं लूप फिरवून वेळ काढायचो आणि बोर्ड मध्येच रीसेट व्हायचा. यूडिले लावलं, दुखणं गेलं.

बारीकसारीक कटकटी होत्याच. सपाट बायनरीत 'सुरुवात इथून' असं कुठेच लिहिलेलं नसतं. लोडचा पत्ता आणि सुरुवातीचा पत्ता एकच असेल याची खात्री नाही. पॉवरपीसी प्रोसेसरवर तर नमुन्याचा प्रोग्रॅम ०x४०००० ला उतरवून ०x४०००४ ला उडी मारायची असते. 'एनएम' (प्रोग्रॅममधली नावं आणि त्यांचे पत्ते दाखवणारं साधन) चालवून पत्ता बघायची सवय लागली. त्याच पत्त्यावर नवा बिल्ड उतरवला की इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये (प्रोसेसरच्या सूचनांच्या झटपट साठ्यात) जुन्याच सूचना शिल्लक राहायच्या, म्हणून 'गो'च्या आधी 'आयकॅश फ्लश'. आणि मेमरी तपासताना रॅमचं वरचं टोक सोडून द्यायचं, कारण यू-बूट स्वतः तिथे मुक्कामाला जातो. नेमका पत्ता 'बीडीइन्फो' सांगतो. हे सगळं चालायचंच.

आता मूळ दुखणं. नव्या लॉटच्या सुमारास मी मेमरीच्या चाचण्या वाढवल्या. त्या लॉटचे पहिले तिन्ही बोर्ड 'पाळी ३' छापून मुके झाले. डेटा अॅबॉर्ट (भलत्या पत्त्याला हात लावल्याची प्रोसेसरची तक्रार) नाही, रजिस्टरांची (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांची) यादी नाही. थोड्या वेळाने वॉचडॉग रीसेट. मेमरीच्या चाचणीत अडकतंय म्हणजे मेमरीच खराब, असं धरून खोकी बंद केली. तिन्ही बोर्ड एकाच ओळीवर अडकतात हे बघून तरी शंका यायला हवी होती. जुन्या, चालत्या बोर्डावर नवा प्रोग्रॅम लावून बघायचं तर डोक्यातच आलं नाही. चिठ्ठी आल्यावर तेवढं केलं, आणि तोही 'पाळी ३'ला गप्प!

मग ऑब्जडंप, म्हणजे बायनरीतल्या सूचना वाचता येतील अशा छापणारं साधन, उघडून बसलो. माझ्या चाचणीच्या लूपमध्ये एक ओळ होती : मूव्हडब्ल्यू आर-९, #४३६९०. म्हणजे आर-९ या रजिस्टरच्या खालच्या अर्ध्यात तो आकडा भर. खालीच मूव्हटी, वरच्या अर्ध्यात तोच आकडा. ४३६९० म्हणजे हेक्समध्ये एएएए. माझा चाचणीचा पॅटर्न कंपायलरने आर-९ मध्ये ठेवला होता. पण ३२ बिटी आर्म प्रोसेसरवर आर-९ ही यू-बूटची तिजोरी आहे. त्याच्या ग्लोबल डेटाचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हिशेबवहीचा, पत्ता तिथे असतो आणि जंप टेबलही तिथूनच सापडतं. पॅटर्न आर-९ मध्ये असताना प्रिंटएफला हाक मारली की यू-बूट भलत्याच पत्त्यावर टेबल शोधायला जाणार. आणि तो गप्प का बसला? अॅबॉर्टची बातमी छापणाऱ्या कोडलासुद्धा छापायला तेच आर-९ लागतं!

यू-बूटच्या स्वतःच्या मेकफाइलमधून (बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाइल) बिल्ड केलं असतं तर 'फिक्स्ड-आर-९' हा पर्याय आपोआप लागला असता आणि कंपायलरने त्या रजिस्टरला हात लावला नसता. मी शहाणपणा करून वेगळी, आटोपशीर मेकफाइल लिहिली होती, यू-बूटचा संपूर्ण सोर्स ट्री बिल्ड करायचा कंटाळा म्हणून. छोट्या प्रोग्रॅमला तेवढी रजिस्टरं लागतच नव्हती, त्यामुळे सहा महिने निभावलं. कोड वाढला, रजिस्टरं अपुरी पडली, आणि कंपायलर आर-९ वर येऊन बसला.

तरी माझी एक तक्रार आहेच. जंप टेबलाची आवृत्ती तपासायला 'गेट व्हर्जन' आहे, पण त्यालाही हाक याच टेबलातून जाते. आर-९ बिघडलं की विचारायचं कुणाला? शिवाय ग्लोबल डेटामधली टेबलाची जागा यू-बूटच्या कॉन्फिगनुसार सरकू शकते. म्हणून आता बोर्डावरच्या यू-बूटचं कॉन्फिग आणि माझी बायनरी एकाच फोल्डरात ठेवतो, जोडीने.

डिबगर अजूनही घेतलेला नाही. बिल्डनंतर एक छोटी स्क्रिप्ट ऑब्जडंप चाळते, आणि कुठलीही सूचना आर-९ मध्ये काही लिहीत असेल तर बिल्ड पाडते. पुढच्या महिन्यात ६४ बिटी बोर्ड येणार आहेत, तिथे हेच काम एक्स-१८ कडे असतं, तेव्हा स्क्रिप्टमध्ये ते नाव घालायचं, आणि त्याच्याच खालच्या अर्ध्याचं डब्ल्यू-१८ हेही. पुरवठादाराला माफीची मेल काल गेली. उत्तर एका ओळीचं आलं : पुढच्या वेळी आधी जुन्या बोर्डावर चालवून बघा.