तीन चक्रांचं मशीन की व्हिडिओ स्लॉट?

कॅसिनोत कुठल्या स्लॉट मशीनवर बसावं? आधी एका डावाचा खर्च पाहा. तीन चक्रांवर बहुधा एकच रेषा असते, म्हणजे चिन्हं जुळली तर पैसे देणारी ओळ. ₹10 लावले की डाव ₹10 चाच. 1976 मध्ये लास व्हेगासला अवतरलेल्या, चक्रं पडद्यावर दाखवणाऱ्या व्हिडिओ स्लॉटवर आता 25 रेषा सर्रास असतात. रेषेला ‘फक्त ₹1’ म्हटलं तरी डाव ₹25 चा. त्यात ₹8 परत आले तरी दिवे लुकलुकतात, घंटा वाजते, आणि ₹17 गेल्याचं लक्षातही येत नाही. नजर शिल्लक रकमेवरच ठेवा.

आजच्या दोन्ही मशीनांत निकाल बटण दाबताच संगणकाच्या यादृच्छिक आकड्याने ठरतो. चक्रं मध्येच थांबवून काही बदलत नाही.

हिशेब डोळ्यांसमोर हवा, त्याने तीन चक्रं घ्यावीत. बोनस फेऱ्यांची हौस असेल तर व्हिडिओ स्लॉट, पण आधी पेटेबल (मशीनवरचा बक्षिसांचा तक्ता) उघडून रेषा मोजाव्यात.