विश्वस्तांसाठी प्रायव्हेट मार्केटची कार्यशाळा : रोखीचा हिशेब उत्तम, सामाजिक परिणामाचा अपुरा

शिक्षणसंस्था, देवस्थाने, पतसंस्था आणि कंपन्यांचे भविष्य निर्वाह निधी यांच्या विश्वस्तांसाठी मुंबईच्या एका सल्लागार संस्थेने पणजीत, पाटो येथे, दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्या, पायाभूत प्रकल्प आणि खाजगी कर्जे यांत मोठे संस्थात्मक गुंतवणूकदार पैसा कसा घालतात, त्यातून समाजाचे भले साधण्याचा प्रयत्न कसा करतात आणि लहान संस्थांनी त्यातून काय घ्यावे, हा तिचा विषय होता. फोंड्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या वित्त समितीचा सदस्य म्हणून मी तिला उपस्थित होतो. अशी प्रशिक्षणे आता बऱ्याच सल्लागार संस्था देऊ लागल्या आहेत आणि त्यांची फी शेवटी विद्यार्थ्यांच्या किंवा भाविकांच्या पैशांतून जाते. म्हणून या सेवेचा आढावा जरा सविस्तर घेतो.

कार्यशाळेचा सर्वांत सरस भाग पहिल्या दुपारचा होता. प्रत्येकापुढे एक कोरा तक्ता ठेवण्यात आला. संस्थेने एका निधीला १० कोटी रुपयांचे वचन दिले आहे, असे धरून दहा वर्षांची रोखीची ये-जा प्रत्येकाने स्वतः भरायची होती. वचन दिलेली रक्कम एकदम जात नाही, निधी व्यवस्थापक गरजेप्रमाणे ती हप्त्यांनी मागवतो, हे ऐकून सर्वांना ठाऊक होते. पण तक्ता भरताना त्याचा खरा अर्थ उलगडला. पहिल्या वर्षी अडीच कोटी मागवले गेले आणि व्यवस्थापन शुल्क २ टक्के असले, तर ते शुल्क मागवलेल्या रकमेवर नव्हे तर वचनाच्या पूर्ण १० कोटींवर लागते. म्हणजे २० लाख रुपये, आपण प्रत्यक्ष दिलेल्या पैशांच्या ८ टक्के, पहिल्याच वर्षी शुल्कात जातात. पाच वर्षांत हा आकडा एक कोटीवर पोहोचतो आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. पहिली काही वर्षे हिशेब उणे दिसतो, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे. व्यवस्थापकाची निवड चुकलीच, असे त्यावरून ठरत नाही.

एका देवस्थानाच्या खजिनदारांनी त्यावर विचारले, "सर, आमच्याकडे दर वर्षी महाजनांच्या सभेत ताळेबंद वाचला जातो. तीन वर्षे उणे आकडा दिसला तर मी उभा राहून काय सांगू?" प्रशिक्षकांनी दिलेले उत्तर मला पटले. पैसे देण्यापूर्वीच अपेक्षित उणे आकड्यांसह वर्षवार अंदाज सभेपुढे मांडून ठरावात नोंदवून घ्यावा, आणि सभा त्याला तयार नसेल तर ही गुंतवणूक त्या संस्थेसाठी नाही असे समजावे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

परताव्याच्या आकड्यांवरील विवेचनही तितकेच भक्कम होते. 'पैसे दुप्पट झाले' या वाक्यातून कालावधी गाळला तर हाती काहीच उरत नाही. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे १४.९ टक्के आणि दहा वर्षांत दुप्पट म्हणजे सुमारे ७.२ टक्के, हा दुसरा दर चांगल्या मुदत ठेवीपासून फार दूर नाही, आणि ठेव अडचणीच्या वेळी मोडता तरी येते. सेबीच्या २०१२ च्या नियमांनुसार पर्यायी गुंतवणूक निधीत, म्हणजे अशा खाजगी गुंतवणुकांसाठी अनेकांचे पैसे एकत्र करणाऱ्या निधीत, साधारणपणे किमान एक कोटी रुपये घालावे लागतात. सेबीने ठरवलेल्या वर्गांपैकी पहिल्या दोन वर्गांतील निधी बंद मुदतीचे, म्हणजे मुदतीआधी सहसा पैसे काढता न येणारे असतात, त्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा कमी नसते आणि मूल्याने दोन तृतीयांश गुंतवणूकदारांच्या संमतीने ती आणखी दोन वर्षांपर्यंत लांबू शकते. प्रायोजकाला, म्हणजे निधी उभा करणाऱ्याला, स्वतःचेही पैसे, निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी यांपैकी कमी असेल ती रक्कम, आत ठेवावे लागतात. त्याने या किमान रकमेपेक्षा अधिक किती घातले आहेत, हा प्रश्न प्रत्येक विश्वस्ताने विचारावा, हा सल्ला मी लगेच लिहून घेतला.

इतिहासाचे सत्र वेगाने आटोपले. येल विद्यापीठाचा निधी डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ पासून सांभाळला आणि सूचीबद्ध शेअर व रोख्यांवरचा भर कमी करून तो खाजगी गुंतवणुकीकडे वळवला; पुढे अनेक विद्यापीठांनी तोच कित्ता गिरवला. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीने २०२४ मध्ये खाजगी भागभांडवलाचे (नोंद नसलेल्या कंपन्यांतील हिश्श्याचे) उद्दिष्ट १३ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर नेले. २०२२ चा प्रसंग मात्र प्रशिक्षकांनी योग्य जागी आणला. त्या वर्षी शेअर आणि रोखे एकत्र घसरले, पण खाजगी मालमत्तेचे मूल्यांकन उशिरा होत असल्याने तिची किंमत कागदावर तशीच राहिली. एकूण निधी आक्रसला, त्यातील खाजगी हिस्सा आपोआप फुगला आणि स्वतःच घातलेली मर्यादा ओलांडली गेल्याने अनेक संस्थांना नवी वचने थांबवावी लागली. ब्रिटनच्या निवृत्तिवेतन निधींना तर त्या शरद ऋतूत सरकारी रोखे कोसळताच त्या रोख्यांवर केलेल्या उसनवारीचे तारण भरण्यासाठी जे विकता येईल ते विकावे लागले, आणि न विकता येणारे मागे उरले. मोठ्या संस्थांचे अनुकरण करण्याआधी त्यांच्याइतकी रोख आपल्याजवळ आहे का, हे पाहिलेच पाहिजे.

सामाजिक परिणामाच्या सत्राने मात्र निराशा केली. परताव्याबरोबर समाजाचे भलेही साधू पाहणाऱ्या गुंतवणुकीचे इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग हे नाव २००७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या इटलीतील बैठकीतून पुढे आले, २००९ मध्ये त्याचे जागतिक जाळे उभे राहिले, आणि त्या जाळ्याच्या २०२४ च्या अंदाजानुसार अशी गुंतवणूक दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे, ही माहिती चकचकीत चित्रांसह देण्यात आली. पण परिणाम मोजायचा कोणी आणि तो साधला नाही तर व्यवस्थापकाच्या खिशाला काय फरक पडतो, यावर दहा मिनिटेही दिली गेली नाहीत. वास्तविक याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. राजस्थानच्या भीलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेच्या कामासाठी विकास परिणाम रोखा काढण्यात आला. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसे घातले आणि मुली प्रत्यक्ष शाळेत आल्या व शिकल्या, हे त्रयस्थ मूल्यमापकाने तपासल्यावरच चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने परतफेड केली. शाळाबाह्य म्हणून नोंदलेल्या मुलींपैकी ९२ टक्के मुलींची शाळेत नोंदणी झाली आणि शिकण्यातील प्रगती ठरवलेल्या लक्ष्याच्या १६० टक्के भरली. येथे परिणाम करारात होता, म्हणून तो मोजला गेला. याउलट २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्ताचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या लहान कर्जांचे, संकट आले, तोवर वाटलेल्या कर्जांची संख्या हीच यशाची खूण मानली जात होती. कर्ज घेणारी बाई कितव्या सावकाराचे पैसे फेडते आहे, ते बहुतेकांनी पाहिलेच नव्हते. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असती तर विश्वस्तांना निधीच्या माहितीपत्रकातील 'इतक्या हजार लाभार्थी' या ओळीकडे कसे पाहावे, ते समजले असते. त्याऐवजी सत्राचा उत्तरार्ध आयोजकांशी संबंधित एका निधीच्या सादरीकरणाला देण्यात आला, आणि फी घेऊन शिकवणाऱ्याने असे करणे मला गैर वाटते.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. धर्मादाय संस्थांनी पैसे कोठे गुंतवावेत याची यादी आयकर कायद्याने ठरवून दिली आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ११(५) मध्ये होती. तिच्यात सरकारी रोखे, बँकांच्या मुदत ठेवी, म्युच्युअल फंड बसतात, पण पर्यायी गुंतवणूक निधीचे युनिट सरसकट बसत नाहीत, आणि यादीबाहेर पैसे घातले तर करसवलत धोक्यात येते. सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळी अशाच संस्थांची होती, तरी ही बाब दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारल्यावरच बाहेर आली. ती पहिल्या तासात सांगायला हवी होती. गोव्यात विश्वस्त सावध आहेत ते उगाच नव्हे. २०२० मध्ये म्हापशाच्या आणि २०२१ मध्ये मडगावच्या अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, आणि ठेवींना विमा संरक्षण पाच लाखांपुरतेच असते हे अनेकांना तेव्हा प्रथम कळले. सोशल स्टॉक एक्स्चेंजवरून, म्हणजे शेअर बाजारातील सामाजिक संस्थांसाठीच्या विभागातून, स्वयंसेवी संस्थांना बिनव्याजी, बिनपरताव्याचे रोखे काढता येतात, हा आमच्यासारख्या संस्थांच्या खऱ्या उपयोगाचा मार्ग. त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला.

नॉर्वेचा तेल निधी दोन्ही दिवस उदाहरणादाखल येत राहिला. परंतु जगातील या सर्वांत मोठ्या सार्वभौम (सरकारी मालकीच्या) निधीला बिगर-सूचीबद्ध कंपन्यांचे शेअर घेण्याची परवानगी नॉर्वे सरकारने २०२४ मध्येही नाकारली, ही गोष्ट कोणी सांगितली नाही. त्याहून मला सलले ते असे की, गोव्याच्या स्वतःच्या निधीचे नावही निघाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर एप्रिल २०१४ मध्ये निकाल देताना खनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचे निर्देश दिले. डिचोली, सत्तरी, सांगे येथील डोंगर पोखरून निघालेला हा पैसा आहे. तो किती काळ अडकवायचा, किती धोका पत्करायचा आणि त्याचा परिणाम कोणी मोजायचा, हे प्रश्न गोमंतकीय विश्वस्तांना कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी जवळचे आहेत, आणि त्यावर एक पूर्ण सत्र सहज झाले असते.

व्यवस्था चोख होती. टिपणे मात्र फक्त इंग्रजीत होती. तालुक्यांतून आलेल्या अनेक खजिनदारांचे ठराव आणि इतिवृत्ते मराठीत लिहिली जातात, तेव्हा निदान तक्ते तरी मराठीत हवेत. कंपन्यांच्या निधीचे आणि मोठ्या पतसंस्थांचे जे विश्वस्त अशा प्रस्तावांवर खरोखर निर्णय घेतात, त्यांनी पहिल्या दिवसासाठी जरूर जावे. देवस्थाने आणि शिक्षणसंस्थांनी नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : आपल्याला लागू असलेल्या गुंतवणुकीच्या मर्यादा अभ्यासक्रमात कोठे आहेत, आणि कोणत्याही निधीच्या विक्रीशी आयोजकांचा संबंध आहे की नाही.