एचएसआरपीच्या नावाखाली अक्कलकोट रोडवर १,५०० रुपये गेले

मंगळवारी दुपारी सोलापुरात एमआयडीसीतून टॉवेलचा गठ्ठा पायाशी ठेवून स्कूटरवर घरी निघालो होतो. अक्कलकोट रोडला कडुलिंबाखाली दोघं उभे होते. खाकी पँट, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, गळ्यात निळ्या दोरीला ओळखपत्र, हातात एसटी कंडक्टरकडे असतं तसलं मशीन. एकानं हात केला, मी थांबलो. काही विचारायच्या आत त्यानं किल्ली काढून खिशात टाकली.

“काका, एचएसआरपी कुठंय?”

माझी गाडी २०१६ ची. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायची, हे ठाऊक होतं. आज करू, उद्या करू म्हणत राहिलं होतं. त्यात हेल्मेट डोक्यावर नाही, आरशाला लटकवलेलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

“तुम्ही पोलीस आहात का?” एवढं मात्र मी विचारलं.

“आम्ही कंपनीचे. प्लेटचं कंत्राट आमच्याकडंच आहे, आता दंडबी आम्हीच घेतो. आरटीओनं पॉवर दिलीय.”

इथंच मी गळाला लागलो. प्लेट बसवायचं काम सरकारनं खरंच खासगी कंपन्यांना दिलंय. टोलनाक्यावर कंपनीची माणसं असतात, गाड्या उचलणाऱ्या क्रेनवर कंपनीची पोरं असतात. मग दंडाचंही दिलं असेल, असं वाटलं. त्यांचं खोटं अर्ध्या खऱ्यावर उभं होतं, म्हणून पटलं.

हजार दंड आणि पाचशे प्लेटचं बुकिंग, असा हिशोब झाला. क्यूआर कोड स्कॅन केला तर फोनवर कुठल्याशा मोबाईल शॉपीचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, “कंपनीचं कलेक्शन खातं आहे काका, चला लवकर, मागं गाड्या थांबल्यात.” मागं एक बैलगाडी तेवढी होती. तरी मी पिन टाकला. मशीनमधून चिठ्ठी निघाली: वर ‘ई-चालन’, खाली ‘सेवा शुल्क’, तारीखच नाही.

घरी भाच्यानं गाडीचा नंबर टाकून सरकारी साइटवर पाहिलं. ना चलान, ना बुकिंग. “मामा, दुचाकीची प्लेट ५३१ रुपयांना आहे, जीएसटी धरून. बुकिंग आणि पैसे ऑनलाइनच. तुम्ही कसले पाचशे दिले?”

रात्री त्यानंच कायदा वाचून दाखवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार रस्त्यावर लायसन्स दाखवा म्हणायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. लायसन्स जप्त केलं तर त्याची पावती द्यावी लागते. जागेवर दंड घेऊन प्रकरण मिटवायचं, तर कलम २०० प्रमाणे राज्य सरकारनं तसा अधिकार दिलेला अधिकारीच लागतो. नुसत्या जॅकेटाला यातलं काहीच चालत नाही. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, किमान सहा महिने कैद. आणि कागद मोबाईलमध्ये डिजिलॉकरवर दाखवले तरी चालतात, मूळ कुणाच्या हातात द्यायची गरज नाही.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून एकच विचारलं, “किल्ली काढेपर्यंत तुम्ही काय करत होता?” उत्तर नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत.

एक मात्र अजून डोक्यातून जात नाही. उद्या खरोखरच कुणी कंपनीच्या पोरांना गाड्या अडवायचा अधिकार दिला, तर कडुलिंबाखालचे दोघं खरे का खोटे, हे माझ्यासारख्यानं कशावरून ओळखायचं? पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असते, तक्रार कुठं करायची ते माहीत असतं. त्या ओळखपत्रावर काय लिहिलं होतं, मला आठवतसुद्धा नाही.

शनिवारी सात रस्त्याला खऱ्या वाहतूक पोलिसानं हात केला. हेल्मेट डोक्यावर होतं, कागद जवळ होते. तरी आधी किल्ली काढून मुठीत धरली आणि मग म्हटलं, “बोला साहेब.”