सरकारी हायस्कूल की अनुदानित?

गोव्यात शिक्षकाची नोकरी यांपैकी कुठे धरावी, यावर बी.एड. झालेली भाची अडलीय. पगारावर डोकं खपवू नये: कायम पदावर दोन्हीकडे सातव्या वेतन आयोगाचीच श्रेणी, अनुदानित शाळेचा पगारही सरकारी तिजोरीतूनच. खरा फरक बदलीत. सरकारीत आज उत्तर टोकाचं पेडणे, उद्या दक्षिण टोकाचं काणकोण. अनुदानितमध्ये बहुधा एकच संस्था. पण तिथे विद्यार्थ्यांचा पट घसरला की पद अतिरिक्त ठरायची धास्ती, शिवाय व्यवस्थापनाची मर्जी. ती शिकवण्यावरच ठरते असं नाही! सरकारीत कामाचा गोपनीय अहवाल असतो, पण तो निदान खात्याच्या चाकोरीतून जातो. निवडणुकीचं काम शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच मान्य केलंय. त्याबद्दल कुरकुर दोन्हीकडे सारखीच.

एका गावी संसार हवा तर अनुदानित. मर्जी सांभाळणं जमत नसेल, फिरायची तयारी असेल, तर सरकारी. तासिका तत्त्वावरची, म्हणजे तासांवर मानधन मिळणारी, जागा कुठलीही असो, नाइलाजानेच घ्यावी.