खानावळीसाठी मासळी: लिलावातली, मावशींकडची की पाकिटातली?

दापोलीजवळ घरगुती खानावळ काढणाऱ्या ओळखीच्या एका ताईंनी विचारलं, "मासळी हर्णै बंदरावरच्या लिलावातून उचलू, बाजारातल्या मावशींकडून घेऊ, की गोठवलेली मागवू?" आमच्या खानावळीसाठी आम्ही तिन्हीकडून घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हर्णैच्या वाळूवर बोली लागते ती टपाची नाहीतर ढिगाची. भाव बाजारापेक्षा कमी पडतो, पण रोज दहा ताटं लागणाऱ्याने अख्खा टप घेऊन करायचं काय? बर्फाची मोठी पेटी आणि रोजचे तीस-चाळीस पाहुणे असतील तरच हा हिशेब बसतो. लिलावाची खरी जमेची बाजू म्हणजे बोट समोर उभी असते. खलाशाला विचारा, जाळं कुठलं, किती दिवस बाहेर होतात? बोट आज लागली म्हणजे मासा आजचा, असं मुळीच नाही. ट्रॉलर आठवडाभरही बाहेर असतो आणि पहिल्या दिवसाची मासळी बर्फात तळाशी असते. रात्री जाऊन सकाळी परतणाऱ्या लहान होडीची मासळी थोडी असते, पण माझी पहिली पसंती तिलाच.

मावशींकडे किलोमागे जास्त पैसे जातात आणि मला ते रास्त वाटतात. निवडून, कापून, हवे तेवढेच तुकडे मिळतात. त्यांच्या मालावर लेबल नसतं, पण उद्याही त्या त्याच जागी बसलेल्या असतात. कल्ले उघडून लाल आहेत का बघा, पोटावर बोट दाबा, खड्डा राहिला तर पुढे चला. कुठल्या बंदराचा माल आहे हे रोज विचारलं की दहाव्या दिवशी मावशी न विचारताच सांगायला लागतात.

आता खानावळवाल्यांनी मनावर घ्यायची गोष्ट. ताटात अख्खं पापलेट मावावं म्हणून आपणच बाजारात लहान पापलेट मागतो. मीही मागत होते. एकदा मावशींनी वाटा उलटा करून दाखवला, एकेक पापलेट माझ्या तळहातात मावत होतं. "ह्यांनी अजून अंडी पण नाय घातली," म्हणाल्या. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलीमीटर, सुरमई ३७० मिलीमीटर. म्हणजे सुरमई शाळेच्या मोठ्या फूटपट्टीपेक्षा सात सेंटीमीटरने लांब हवी. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून मान मिळाला. पिल्लं आपण विकत घेत राहिलो तर तो मान काय कामाचा? आता आम्ही मोठं पापलेट आणून तुकड्यांवर वाढतो. पाहुणे कुरकुरत नाहीत, कारण सांगितलं की उलट विचारपूस करतात.

पाकिटाची गोष्ट वेगळी. त्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा (FSSAI) १४ आकडी क्रमांक, पॅक करणाऱ्याचा पत्ता, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन हे सगळं मिळतं. बोट, बंदर, जाळं, पकडल्याचा दिवस हे बहुतेक पाकिटांवर नसतं. पॅक केल्याची तारीख ही पकडल्याची तारीख नव्हे. नुसतं 'फिश फिले' लिहिलेलं असेल तर घेऊ नका, जातीचं नाव हवंच. पांढरा, बिनकाट्याचा, स्वस्त तुकडा बहुधा तळ्यात वाढवलेल्या बासाचा असतो. बासा खायला वाईट नाही, पण तो सुरमईच्या नावाने वाढणं ही फसवणूक आहे. वजनही तपासा. एका किलोच्या पाकिटातून बर्फ वितळल्यावर माझ्या तराजूवर पाऊण किलोच कोळंबी भरली होती. तेव्हापासून नवीन माल आला की पहिलं पाकीट वितळवून मोजते.

तरी पाकीट लागतंच, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि पावसाळी पाहुणे नेमके तेव्हाच सुरमई मागतात. त्या ६१ दिवसांत कोणी 'आजची ताजी सुरमई' घेऊन दारात आला तर नको म्हणा.

तर ताई, तीस ताटांपर्यंत मावशी, त्याच्या वर गेलात तर आठवड्यातून दोनदा लिलाव, आणि पावसाळ्यात नाव-वजन नीट लिहिलेलं पाकीट. जूनमध्ये आमच्या फळ्यावर 'सुरमई (गोठवलेली)' असंच लिहिलेलं असतं. त्याखाली सुक्या जवळ्याची चटणी, सुके बोंबील आणि खाडीत जे मिळेल ते. अर्धी मंडळी बोंबीलच मागतात.