लेयर्ड टेम्प्लेट शिकवणारा ऑनलाइन क्लास : माझा अनुभव

आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून डिजिटल स्क्रॅपबुक, म्हणजे कॉम्प्युटरवर सजवलेला फोटो अल्बम, करायचं ठरवलं, आणि त्यासाठी एक छोटा व्हिडिओ क्लास घेतला, सोबत दहा पीएसडी (फोटोशॉप या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरची फाइल) टेम्प्लेट, म्हणजे पानांचे तयार आराखडे, मिळाली. प्रत्येक पान १२ बाय १२ इंच, ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल), म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल, त्यामुळे प्रिंट एकदम स्वच्छ येते.

टेम्प्लेटमध्ये फोटोंच्या जागी राखाडी चौकोन असतात, प्रत्येक चौकोन वेगळा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक. मी आधी काय करायचे, फोटो वर ठेवून कडा खोडरबरने पुसत बसायचे, एका पानाला अख्खी दुपार जायची. क्लासमध्ये कळलं की फोटोचा लेयर त्या चौकोनाच्या बरोब्बर वर आणायचा आणि फोटोशॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-जी दाबायचं, झालं, फोटो त्या आकारातच दिसतो! मूळ फोटो कापला जात नाही, नंतर सरकवता येतो, लहानमोठा करता येतो. बाबांचं डोकं अर्धं कापलं गेलेलं, नुसतं खाली ओढलं तर पूर्ण चेहरा आला, खूप बरं वाटलं. आणि सावली चौकोनाच्या लेयरला द्यायची, फोटोला नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

फोटोशॉप नसेल तर फोटोपी वापरा, ब्राउझरमध्ये फुकट चालतं, पीएसडी उघडतं.

तक्रार एकच, लेयरना नावं नाहीत, लेयर १७ की २३ शोधत डोळे दुखतात. मराठी मजकुरासाठी देवनागरी फॉन्टही आपलाच टाकावा लागतो. तरी पैसे वसूल, नवख्यांनी जरूर घ्या.